मनोऱ्यातली माणसं

फँटसीमधल्या जादूगाराचा पत्ता गावात विचारून उपयोग नसतो. तो गावात राहतच नाही. गावात लोहार असतो, खानावळवाला असतो, पाटलासारखा कुणीतरी असतो. जादूगाराचं घर मात्र तळ्यातल्या मनोऱ्यात असतं, समुद्रातल्या बेटावर असतं, नाहीतर साध्या माणसांना पडीक अवशेष दिसावेत अशा किल्ल्यात असतं.

(शब्दाचं आधीच सांगून टाकते. 'मेज' म्हटलं तर मराठीत टेबल होतं. 'मांत्रिक' म्हटलं की लिंबू-मिरची आठवते आणि 'जादूगार' म्हटलं की रघुवीर. त्यातल्या त्यात रघुवीर बरे, म्हणून जादूगार.)

ही गावाबाहेरची जागा लेखकाच्या सोयीची असते. जादूगार गल्लीतच राहत असेल तर सोमवारी दुष्काळ पडेल, मंगळवारी तो पाऊस पाडेल आणि गोष्ट संपेल. नायकाने डोंगर तुडवत त्याच्याकडे जायला हवं, तर कादंबरी होते. पण चांगले लेखक या सोयीपाशी थांबत नाहीत. आठ-दहा वर्षांच्या पोराला घरातून उचललं, त्याच्यासारख्याच पोरांमध्ये वाढवलं, हातात इतरांकडे नसलेली ताकद दिली, तर त्याचं कसलं माणूस तयार होतं, हेही ते विचारतात. गेली दहाएक वर्षं मी ही उत्तरं गोळा करतेय. हा निव्वळ छंद नाही. ते पुढे येईल.

*

या प्रश्नावर सगळ्यात कसून काम मला 'ड्रॅगन एज' या गेममालिकेत दिसतं. पहिला गेम २००९चा. त्यातल्या जगाचं नाव थेडस. तिथे पोराच्या हातून चुकून आग लागली, काहीतरी गोठलं, की टेम्प्लर नावाचे सैनिक येतात आणि त्याला 'सर्कल'मध्ये घेऊन जातात. फेरेल्डन देशातलं सर्कल म्हणजे तळ्यातला एक मनोरा. शिक्षण, जेवण, ग्रंथालय सगळं आत. बाहेर पडायला परवानगी लागते. प्रत्येकाचं थोडं रक्त कुपीत भरून ठेवलेलं असतं, पळालात तर त्यावरून माग काढता यावा म्हणून. मोठं झाल्यावर एक परीक्षा असते: स्वप्नांच्या जगात एका राक्षसासमोर एकट्याने उभं राहायचं. हरलात तर बाजूला उभा असलेला टेम्प्लर तुम्हाला मारून टाकतो. ज्यांना ही परीक्षा झेपणार नाही असं ठरतं, त्यांचं स्वप्नांशी नातं तोडतात. त्यांना 'ट्रँक्विल' म्हणतात. कपाळावर सूर्याचा डाग, जादू नाही, राग नाही, प्रेम नाही. सर्कलचं दुकान मात्र तेच सांभाळतात आणि अगदी व्यवस्थित सांभाळतात.

हे वाचून तुम्ही लगेच जादूगारांच्या बाजूने झाला असाल. मीही झाले होते. पण त्याच गेममध्ये रेडक्लिफ नावाचं गाव येतं. तिथल्या सरदाराचा लहान मुलगा कॉनर याच्यात जादू दिसते. नियमाप्रमाणे जादूगाराला सरदारकी मिळत नाही, मुलगाही कायमचा जातो. म्हणून आई, इझोल्ड, ही गोष्ट लपवते आणि सर्कलमधून पळालेल्या एकाला गुपचूप शिकवणीला ठेवते. पुढे बापावर विषप्रयोग होतो. त्याला वाचवण्यासाठी तो पोरगा एका राक्षसाशी सौदा करतो आणि रोज रात्री गावावर मुडदे चालून यायला लागतात. म्हणजे मूल घरी ठेवलं, लाडाने ठेवलं, पण गुपचूप ठेवलं, तरी वाताहतच.

मजा म्हणजे थेडसमध्ये बाकीच्या व्यवस्थाही आहेत. डेलिश एल्फांच्या भटक्या टोळीत जादूगार हाच टोळीचा प्रमुख. गोष्टी जपणं, पोरांना शिकवणं, भांडणं सोडवणं हे त्याचं काम, त्यामुळे वेगळं राहायला त्याला वेळच नाही. टेविंटर साम्राज्यात जादूगार राज्यकर्ते आहेत आणि त्यांच्या राज्यात गुलामगिरी आहे. कुनारींमध्ये जादूगाराला साखळदंड घालतात, काहींचे ओठही शिवतात. जादू सगळीकडे तीच, तिच्यातून निघणारी माणसं मात्र चार तऱ्हांची. कोंडलं की बिघडतं आणि सोडलं की सुधारतं इतकं सोपं गणित असतं, तर टेविंटर स्वर्ग असता.

दुसऱ्या गेममध्ये (२०११) अँडर्स हा सर्कलमधून पुन्हा पुन्हा पळालेला जादूगार असतो. तो गरिबांसाठी फुकट दवाखाना चालवतो, आणि शेवटी तोच माणूस शहराचं मोठं प्रार्थनामंदिर आतल्या माणसांसकट उडवून देतो. तिसऱ्या गेममधली (२०१४) विव्हिएन सर्कलमध्येच वाढलेली, आणि तिला सर्कल परत हवं असतं. तिचं म्हणणं: बाहेरचे लोक आपल्याला घाबरतात, मनोऱ्याच्या भिंती आपलंही रक्षण करतात, आणि आपल्यासारखी माणसं आपल्याला तिथेच भेटली.

पहिल्यांदा खेळले तेव्हा मला विव्हिएनचा राग आला नाही. ती काय म्हणतेय ते मला नेमकं कळलं होतं.

*

दहावीनंतर मी एका निवासी क्लासला गेले. अकरावी-बारावीची दोन वर्षं. फोन जमा करायचा, रविवारी दुपारी वॉर्डनच्या टेबलावरून घरी दहा मिनिटं बोलायचं. वर्तमानपत्र नाही, टीव्ही नाही. सकाळी सहाला टेस्ट, संध्याकाळी बोर्डावर रँक. कपाळावर नसली, तरी आयकार्डावर बॅचची रंगीत पट्टी होती.

आणि मला तिथे आवडायचं. हे सांगायला हवं, कारण अशा जागांवर लिहिताना सगळं काळं रंगवायची पद्धत आहे. आमच्या गावात गणित आवडणारी मुलगी म्हणजे लोकांना दाखवायची वस्तू होती. पाहुणे आले की, "हिला सतराचा पाढा विचारा." हॉस्टेलवर पहिल्याच आठवड्यात एक मुलगी रात्री दीड वाजता मला उठवून म्हणाली, "अगं, तो प्रश्न दोन ओळींत सुटतो, बघ." मी आयुष्यात पहिल्यांदा विचित्र नव्हते. विव्हिएन म्हणते ते हेच.

बारावीच्या जानेवारीत माझी आजी गेली. आईची आई. मामाकडे असायची, आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे. मला ते मेमध्ये कळलं, शेवटचा पेपर झाल्यावर. मधल्या चार महिन्यांत दर रविवारी मी आईला विचारत होते, "आजी काय करते?" आणि आई सांगत होती, "झोपलीय." मला सांगायचं नाही हे मामाने ठरवलं होतं. पोरीचं वर्ष वाया जायला नको. मी घरी पोचले तेव्हा फोटोवरचा हारसुद्धा वाळून गेला होता.

यात कुणी वाईट नव्हतं. मामाने आपल्या आईच्या तेराव्याला माझी आठवण काढून डोळे पुसले होते, हे मला नंतर मामीने सांगितलं. पण त्या दोन वर्षांत एक गोष्ट घडली, ती मला मनोऱ्यांच्या गोष्टी वाचतानाच नीट दिसली. आपण समजतो, एकटेपणाचा परिणाम आत कोंडलेल्यावर होतो. तो बाहेरच्यांवरही होतो. मी घराशिवाय राहायला शिकले, तसं घरही माझ्याशिवाय राहायला शिकलं. आज मी अठ्ठावीसची आहे, नोकरीत आहे, फोन चोवीस तास हातात असतो. तरी बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन मला पट्टी निघाल्यावर कळलं. "तू कामात असशील म्हणून."

*

आता दुसरी बाजू. हॅरी पॉटर तुम्ही सगळ्यांनी वाचलाय, निदान पाहिलाय. अकराव्या वर्षी पत्र येतं, मूल हॉगवर्ट्सला जातं, आणि त्यानंतर साध्या जगाबद्दल जवळपास काही शिकत नाही. विझ्लीकाका तर खात्यात कामच मगल्सच्या वस्तूंशी संबंधित करतात, तरी त्यांना विजेच्या प्लगचं लहान मुलासारखं अप्रूप. आपण हसतो. चौथ्या पुस्तकात क्विडिच वर्ल्डकपसाठी हजारो जादूगार एका मैदानात तंबू ठोकतात. जागेची देखरेख करणारा मिस्टर रॉबर्ट्स साधा माणूस आहे. त्याला संशय येत राहतो, म्हणून मंत्रालयाचे लोक दिवसातून दहादा त्याची स्मृती पुसतात. त्याच रात्री खलनायक त्याला बायकामुलांसकट हवेत उलटंपालटं लटकवतात, तेव्हा सगळे हादरतात. पण दिवसभर त्याच्या डोक्यात हात घालणारे 'चांगले' लोक होते, आणि त्यात गैर काही आहे असं त्यांच्यापैकी कुणाच्या मनातही येत नाही. त्यांच्या लेखी तो जागेच्या व्यवस्थेतला एक अडथळा होता.

हा प्रसंग मला ऑफिसमध्ये आठवतो. मी पैशांच्या व्यवहाराचं ॲप बनवणाऱ्या टीममध्ये काम करते. एकदा आमची तासभर चर्चा चालली होती: ओटीपी टाकायला ३० सेकंद द्यायचे की ६०? सुरक्षिततेचे आलेख होते, मुद्दे चोख होते. खोलीत आठ जण, आठही इंजिनिअर, बहुतेक कुठल्या ना कुठल्या हॉस्टेलमधून घडून आलेले. मी विचारलं, "फोन कुणाच्या हातात असतो?" माझ्या आईच्या खात्याला भावाचा नंबर जोडलाय. भाऊ चाकणला कारखान्यात. आई त्याला फोन करते, तो मशीन सोडून बाजूला जातो, हातमोजे काढतो, आकडे वाचून दाखवतो, आई चष्मा शोधते. साठ सेकंदांत त्याचे मोजेही निघत नाहीत.

खोली क्षणभर गप्प झाली. मग एकाने, अगदी प्रामाणिकपणे, विचारलं, "हा एज केस आहे का?"

एज केस म्हणजे कडेची, क्वचित घडणारी गोष्ट. आमच्या गल्लीत मोजायला बसलं तर कडेला आम्ही आठ जणच निघू. शेवटी वेळ पाच मिनिटं झाली, वाद झाला नाही. कुणाचा विरोध नव्हताच. आईचा चष्मा त्यांच्या जगात नव्हता, एवढंच.

*

अर्सुला ले ग्विनने हाच प्रश्न स्वतःच्याच जगाला विचारला, म्हणून ती मला या सगळ्यांत मोठी वाटते. 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' १९६८चं. गाँट बेटावर शेळ्या राखणारा गेड. गावावर हल्ला होतो तेव्हा हा पोरगा धुकं पसरवून गाव वाचवतो. ओगियन हा शांत जादूगार त्याला शिष्य म्हणून घेतो, पण ओगियन काय शिकवतो? झाडपाला ओळखायला. पाऊस आला तर तो थांबवतही नाही, भिजत बसतो. गेडला घाई असते. तो रोक बेटावरच्या शाळेत जातो, जिथे फक्त मुलं आणि फक्त हुशार मुलं. तिथे एका मुलाशी लागलेल्या ईर्ष्येपायी तो मेलेल्याला बोलावतो आणि एक काळी सावली जगात सोडून बसतो. गावात राहिला असता तर त्याच्या चढाओढीला गुराखी पोरं हसली असती. रोकवर हसणारं कुणी नव्हतं. तिथे सगळे तीच चढाओढ खेळत होते.

पहिल्या तीन पुस्तकांत रोकचा दबदबा कायम आहे. बायकांना प्रवेश नाही, जादूगार लग्न करत नाहीत, आणि हे सगळं निसर्गनियमासारखं येतं. तिसरं पुस्तक १९७२चं. मग अठरा वर्षांनी, १९९०मध्ये, ले ग्विन 'तेहानू' लिहिते. त्यात गेड परत येतो तो सगळी जादू संपवून. जगातला सगळ्यात मोठा जादूगार, आणि आता त्याला साधं जगायचं कसं ते कळत नाही. तो लाजतो, लपतो, डोंगरावर शेळ्या राखायला जातो. मग हळूहळू टेनारच्या घरात, शेतावर, एका भाजलेल्या पोरीसोबत राहायला शिकतो. काही वाचकांना हे आवडलं नव्हतं. आमचा हिरो शेळ्या काय राखतो! पण मला तेच पुस्तक सगळ्यात जास्त लागतं. मनोरा माणसाला काय काय शिकवत नाही याची यादीच आहे ती. पुढे २००१च्या कथासंग्रहात तर ले ग्विन दाखवते की रोकची शाळा उभारणाऱ्यांत बायका होत्या, त्यांना नंतर बाहेर काढलं गेलं. म्हणजे मनोरा अनादी नव्हता. कुणीतरी दार लावून घेतलं होतं.

*

आणि हे वाचायला आपल्याला गाँटपर्यंत जायलाच हवं असंही नाही. चांगदेवांची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली. चौदाशे वर्षं योगबळावर जगलेला सिद्धपुरुष. त्याला ज्ञानेश्वरांना पत्र लिहायचं असतं आणि तो अडतो कुठे? मायन्यावर. वयाने लहान म्हणून 'चिरंजीव' लिहावं, तर ज्ञानाने मोठे. 'तीर्थरूप' लिहावं, तर पोरसवदा. शेवटी कोरा कागद पाठवतो. चौदाशे वर्षांत एवढी सिद्धी मिळाली, पण समोरच्याला हाक काय मारायची ते सुचेना. मुक्ताबाई तो कागद पाहून म्हणते की इतकी वर्षं जगून हा कोराच राहिला. मग चांगदेव वाघावर बसून येतात आणि भावंडं बसल्या भिंतीलाच चालवतात. ती भिंत आळंदीत आजही दाखवतात.

आपल्याला भिंत लक्षात राहते. मला कागद जास्त महत्त्वाचा वाटतो. कारण तो वाचणारी मुलगी स्वतः वाळीत टाकलेल्या घरातली होती. वडील विठ्ठलपंत संन्यास घेऊन काशीला गेले, गुरूने परत पाठवलं, संसाराला लागले, आणि गावाने त्यांना पुन्हा आत घेतलं नाही. त्या घरात पोरांनी भिक्षा मागितली, शिव्या खाल्ल्या, मांडे भाजायला खापर मिळेना म्हणून भावाच्या पाठीवर भाजले, असं गोष्ट सांगते. चांगदेव समाजापासून दूर होते कारण त्यांना गरज नव्हती. ही भावंडं दूर होती कारण गावाने ढकललं होतं, तरी रोजचं पीठ आणायला त्यांना त्याच गावात जावं लागत होतं. दोन्ही एकटेपणच. एकातून कोरा कागद निघाला, दुसऱ्यातून तो वाचणारी निघाली.

*

अलीकडे घरी एक विषय चाललाय. माझी मामेबहीण दहावी झाली. हुशार आहे, माझ्यापेक्षा जास्त. निवासी क्लासचं माहितीपत्रक मामाच्या टेबलावर आहे, आणि मामाचा मला फोन आला. "तू तिथं राहून आलीस. खरं काय ते सांग. पाठवू का नको?"

मला इझोल्ड आठवली. घरी ठेव म्हणणं सोपं आहे, पण आमच्या गावात तिला रात्री दीड वाजता उठवणारी मैत्रीण मिळणार नाही. विव्हिएनही आठवली. आणि शेवटी टेरी प्रॅचेटच्या चेटकिणी आठवल्या.

प्रॅचेटच्या डिस्कवर्ल्डमध्ये विझर्ड विद्यापीठात राहतात आणि भरपूर जेवतात. चेटकिणी मात्र गावागावांत एकेकट्या राहतात. ग्रॅनी वेदरवॅक्स बाळंतपणं करते, मेलेल्यांना शेवटची आंघोळ घालते, म्हाताऱ्यांची नखं कापली गेलीत का बघते. जादू फार कमी करते. पण एकट्या राहणाऱ्या ताकदवान बाईचं डोकं हळूहळू सुटू शकतं, याची त्यांना पक्की जाण असते. त्याला त्यांच्यात खिदळणं म्हणतात. सुरुवात किरकोळ असते, थोडासा विक्षिप्तपणा, थोडं 'मलाच कळतं'. शेवट परीकथेतल्या दुष्ट म्हातारीत होतो. यावर त्यांचा उपाय काय? एकमेकींकडे चहाला जायचं. खास काम नसताना. घरात नजर फिरवायची, बिस्किटं खायची, परत यायचं. मनोरा मोडायची गरज नाही. मात्र जाणं-येणं चालू पाहिजे, आणि ते दोन्ही बाजूंनी.

मी मामाला म्हटलं, "पाठव. पण तीन गोष्टी त्या लोकांकडून लिहून घे. रोज संध्याकाळी घरी फोन. महिन्यातून एकदा तू किंवा मामीने जायचं, टेस्ट असली तरी. गणपतीला ती घरी आली पाहिजे."

"आणि?" त्याला कळलं होतं की अजून काहीतरी आहे.

"घरात काही झालं, कुणाचं काही झालं, तर तिला त्याच दिवशी सांगायचं. परीक्षा उद्या असली तरी."

मामा बराच वेळ बोलला नाही. मागे मामीचा मिक्सर चालू होता. मग तो म्हणाला, "तुला सांगायला हवं होतं का गं तेव्हा?"

दहा वर्षांत हे त्याने पहिल्यांदा विचारलं होतं. मी हो म्हटलं.

"बरं," मामा म्हणाला. "मग तुलाही सांगतो. तुझ्या आईचं बीपी वाढलंय. गोळी चालू केलीय. ती म्हणाली होती, सांगू नकोस."

मी त्याच शनिवारी गावी गेले. क्लासवाल्यांनी पहिल्या दोन अटी मान्य केल्यात, गणपतीचं बघू म्हणालेत. मामेबहिणीचं म्हणणं, गणपतीचं ती स्वतः भांडून घेईल.